एक सेकंद पुरेसा नव्हता: अणुवीज केंद्रासाठीच्या ईएमसी चाचण्यांचं प्रशिक्षण, एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यातली ही एक खासगी ईएमसी, म्हणजे विद्युतचुंबकीय सुसंगततेची, प्रयोगशाळा. गाड्यांचे सुटे भाग, एलईडी दिवे, वीजमीटर, मिक्सर असं रोजचं काम. यंत्राभोवती रेडिओलहरी सोडायच्या, तारांमध्ये झटके घालायचे आणि यंत्र त्यात तग धरतं का ते बघायचं. शिवाय त्या यंत्राचा शेजारच्याला त्रास होत नाही ना, हेही मोजायचं. माणसं कामात तरबेज होती.

त्यांच्याकडे अणुवीज केंद्रांना उपकरणं पुरवणाऱ्या एका कारखान्याचं काम आलं. उपकरण म्हणजे गॅमा किरणांची पातळी दाखवणारा मॉनिटर. भिंतीवर डिटेक्टर, तिथून येणारी केबल, कॅबिनेटमध्ये अतिसूक्ष्म प्रवाह मोजणारा इलेक्ट्रोमीटर, पुढे आकडा आणि अलार्म. डिटेक्टरकडून येणारा प्रवाह पिकोअँपिअरमध्ये मोजायचा, म्हणजे एका अँपिअरचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातले काही भाग. औपचारिक चाचणीला सहा आठवडे होते. तेवढ्या काळात सहा तरुण अभियंत्यांना या कामासाठी तयार करायची जबाबदारी माझ्याकडे आली. इन्स्ट्रुमेंटेशनमध्ये माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि अशी कॅबिनेट्स मी चालू केंद्रात बघितली आहेत.

अणुवीज केंद्रासाठी वेगळं प्रशिक्षण कशाला, असं पहिल्याच दिवशी एकाने विचारलं. प्रश्न रास्त होता, कारण चाचण्या बहुतेक त्याच असतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ६१०००-४ मालिकेतली स्थिर विजेची ठिणगी, रेडिओ क्षेत्र, जलद झटक्यांच्या माळा, सर्ज म्हणजे विजेची मोठी उसळी, तारांतून येणारी रेडिओ ऊर्जा. अणुवीज केंद्रांच्या नियंत्रण यंत्रणांसाठी त्यावर आयईसी ६२००३ हे मानक आहे, पहिल्यांदा २००९ साली आलेलं आणि २०२० साली सुधारलेलं. अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाची १.१८० क्रमांकाची मार्गदर्शिका २००० सालची, तिची ताजी आवृत्ती २०१९ची. त्याच आयोगाने १९८३मध्येच केंद्रांना सावध केलं होतं, की हातातल्या रेडिओमुळे यंत्रणा भलत्याच वागल्याचे प्रसंग घडले आहेत.

फरक आहे तो निकालाच्या अर्थात. मिक्सर क्षणभर अडखळला आणि परत चालू झाला तर चालतं. केंद्राच्या सुरक्षा यंत्रणेत अनेकदा तीन स्वतंत्र चॅनेल असतात आणि तिघांपैकी दोघांनी ‘बंद कर’ म्हटलं की अणुभट्टी बंद होते. एक चॅनेल बिघडला तरी उरलेले दोघे सांभाळून घेतात, हा त्यातला भरवसा. पण रेडिओलहर एकाच चॅनेलला निवडून त्रास देत नाही. तिन्ही कॅबिनेट्स एकाच कारखान्याची, एकाच तऱ्हेने केबल जोडलेली असली तर तिघंही एकाच वेळी, एकाच दिशेने चुकू शकतात. मग दोघांची साक्ष खरी मानायची ही पद्धतच खोट्या आकड्याला बळ देते. आमचा मॉनिटर थेट अणुभट्टी बंद करणारा नव्हता, पण शिकवताना नजर तिथेच ठेवावी असं मला वाटत होतं.

पहिले तीन आठवडे

इथे माझी पहिली चूक झाली. मी मानकांपासून सुरुवात केली. कोणत्या चाचणीला कोणती पातळी, अँटेना किती लांब, केबल जमिनीपासून किती उंच, क्षेत्र सारखं आहे हे सोळा बिंदूंवर कसं तपासायचं. मुलांनी मन लावून पाठ केलं. तिसऱ्या आठवड्याअखेर लेखी परीक्षा घेतली, सगळे चांगल्या गुणांनी पास झाले आणि मी निर्धास्त झाले.

एक तास मात्र मनासारखा झाला होता. सुरक्षारक्षकाची ५ वॉटची वॉकी-टॉकी टेबलावर ठेवली आणि तिच्याभोवतीच्या रेडिओ क्षेत्राच्या ताकदीचा हिशेब करायला लावला. शक्ती आणि अँटेनाचा गेन (ती लहर एका दिशेला किती एकवटते ते) यांच्या गुणाकाराला ३०ने गुणायचं, वर्गमूळ काढायचं आणि अंतराने भागायचं. गेन १ धरला तर १५०चं वर्गमूळ सव्वाबारा. म्हणजे एक मीटरवर १२ व्होल्ट प्रति मीटर, तीन मीटरवर ४. उपकरणाची चाचणी होते १० व्होल्ट प्रति मीटरला, आणि अमेरिकी मार्गदर्शिका सुरक्षित अंतर काढताना ४ धरते. फळ्यावर तीन मीटर आले तेव्हा एक जण उठला आणि जमिनीवर चिकटपट्टी लावून तेवढं अंतर आखू लागला. केंद्रात वॉकी-टॉकी बंदीच्या रेषा का आखतात हे त्या दिवशी कोणाला वेगळं सांगावं लागलं नाही.

चौथ्या आठवड्यात प्रत्यक्ष सराव. कारखान्याने त्याच मॉनिटरचा एक जुना संच सरावासाठी दिला होता. डिटेक्टरच्या जागी पिकोअँपिअरचा स्रोत जोडला आणि आकडा १०० मायक्रोसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं एकक) प्रति तासावर बसवला. त्यात १० टक्क्यांच्या वर बदल झाला तर नापास. मुलांनी ८० मेगाहर्ट्झपासून १ गिगाहर्ट्झपर्यंत, १ टक्क्याच्या पायऱ्यांनी, कॅबिनेटच्या चारही बाजू आणि अँटेना आडवी-उभी करून दोनदा स्वीप घेतला, म्हणजे लहरीची वारंवारिता पायरीपायरीने चढवत नेली. कमाल फरक ६ टक्के आला. पास.

अडचण

तिसरा स्वीप चालू असताना सोलापूरकडची एक मुलगी संगणकावर होती. नोंदवहीत अँटेना ‘आडवी’ऐवजी ‘उभी’ लिहिली गेल्याचं तिच्या लक्षात आलं. दुरुस्त करायला तिने स्वीप थांबवला, पण लहर चालूच राहिली, १४८ मेगाहर्ट्झवर. खोडून, सही करून तिने मान वर केली आणि चेंबरच्या, म्हणजे चाचणीच्या बंद खोलीच्या, आतल्या कॅमेऱ्याच्या पडद्याकडे बघत म्हणाली, “मॅडम, आकडा चढतोय.”

मी जाऊन बघितलं तेव्हा १३८ झाले होते. बघता बघता १५२. दोन मिनिटांनी आकडा १६०वर स्थिर झाला. लहर बंद केली, तर तितक्याच संथपणे तो १००वर उतरला.

कोणी काही बोलेना. हा संच आम्ही दोनदा पास केला होता.

उलगडा व्हायला फार वेळ लागला नाही. असा मॉनिटर कमी पातळीवर मुद्दाम संथ ठेवलेला असतो, कारण किरणांचं येणं मुळातच अनियमित असतं आणि सरासरी काढली नाही तर आकडा सारखा नाचत राहील. या संचाचा काळस्थिरांक, म्हणजे बदलाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग दिसायला लागणारा वेळ, २० सेकंदांचा होता. बाहेरचा बदल पुरता दिसायला त्याला पाचपट, म्हणजे सुमारे १०० सेकंद लागतात. आणि आम्ही प्रत्येक वारंवारितेवर थांबत होतो १ सेकंद. एका सेकंदात त्याला चुकीचा विसावा भागच दिसतो. त्रासदायक पट्टा तीन-चार पायऱ्यांचा होता, तो ओलांडेपर्यंत आकडा जेमतेम १०६पर्यंत चढायचा आणि उतरायचा. खरी चूक ६० टक्क्यांची, नोंदीत ६.

मानकात हे लिहिलेलं आहे. थांबण्याचा काळ उपकरणाला प्रतिसाद द्यायला लागणाऱ्या वेळेपेक्षा कमी नसावा, आणि कुठल्याही परिस्थितीत अर्ध्या सेकंदापेक्षा कमी नसावा. सहाही जणांनी परीक्षेत ‘किमान अर्धा सेकंद’ अचूक लिहिलं होतं. वाक्याचा पहिला भाग कोणालाच आठवला नाही, कारण तो यंत्र ओळखल्याशिवाय भरता येत नाही. संगणकात १ सेकंद आधीपासून भरलेला होता, गाडीच्या भागांसाठी तो पुरायचा. चाचणीच्या त्या आराखड्यावर माझीही सही होती.

पर्याय

त्या संध्याकाळी आम्ही फळ्यापुढे बसलो. मी मुद्दाम गप्प राहिले आणि हिशेब मुलांकडून करून घेतला.

सगळीकडे १०० सेकंद थांबायचं, हा सरळ मार्ग. ८० ते १००० मेगाहर्ट्झमध्ये १ टक्क्याच्या सुमारे २५४ पायऱ्या. चार बाजू आणि दोन दिशा धरून आठपट, म्हणजे २०३२. प्रत्येकीला १०० सेकंद म्हणजे ५६ तास. आठ तासांच्या पाळीने सात दिवस चेंबर अडकणार, आणि ही सगळ्या चाचण्यांपैकी एकच चाचणी. कारखान्याला हे भाडं परवडणारं नव्हतं. पण हा पर्याय खोडू नका, असं मी सांगितलं. महाग पडतो म्हणून एखादी गोष्ट चूक ठरत नाही.

दुसरा मार्ग एका मुलाने सुचवला. मॉनिटरच्या मांडणीत काळस्थिरांक बदलता येतो, तो २० वरून १ सेकंदावर आणू आणि लवकर मोकळे होऊ. यावर बराच वाद झाला. केंद्रात मॉनिटर २० सेकंदांवर चालणार, मग चाचणी १ सेकंदावर कशी चालेल? ज्या रूपात यंत्र बसणार त्याच रूपात ते तपासलं गेलं पाहिजे.

तिसरा मार्ग दोन टप्प्यांचा. इलेक्ट्रोमीटरनंतर पण सरासरी काढणाऱ्या भागाच्या आधी सिग्नल टिपायचा. तिथे तो अर्ध्या सेकंदात स्थिरावतो, त्यामुळे ३ सेकंदांचे थांबे घेत सगळा पट्टा पावणेदोन तासांत पिंजून होतो. मग जिथे शंका आली तिथे मूळ मांडणीवर पुरे १०० सेकंद थांबायचं. धोका एवढाच, की सिग्नल टिपायला जोडलेली तार स्वतःच अँटेना होते आणि आपण यंत्राऐवजी आपलीच तार तपासत बसतो. यावर उपाय म्हणजे तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर.

शेवटी तिसरा मार्ग ठरला, दोन अटी घालून. केंद्राच्या परिसरात वापरात असणाऱ्या प्रत्येक रेडिओच्या वारंवारितेवर, शंका असो वा नसो, १०० सेकंद थांबायचंच. आणि जिथे फायबर ‘काही नाही’ म्हणतो अशा पाच ठिकाणी, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या, पुरा थांबा घेऊन फायबरचं म्हणणं पडताळायचं. हा बदल आराखड्यात लिहून कारखान्याकडून आणि त्यांच्या ग्राहकाकडून लेखी मंजुरी घेतली. मंजुरीला नऊ दिवस गेले आणि मला ते वाया गेले असं वाटत नाही. पलीकडच्या अभियंत्याने एकच प्रश्न विचारला, आकडा खाली गेला तर काय कराल? आम्ही फक्त वर जाणारी चूक बघितली होती. आकडा वर गेला तर खोटा अलार्म वाजतो, माणसं धावतात, पाळी बिघडते. खाली गेला तर खरी पातळी वाढलेली असताना अलार्म गप्प बसतो. मग दुसरा सेट लावला: स्रोत अलार्मच्या जरा वर ठेवायचा आणि लहरीमुळे अलार्म विझतो का ते बघायचं.

जुन्या अहवालाचं काय

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय चेंबरच्या बाहेरचा होता. चार महिन्यांपूर्वी याच प्रयोगशाळेने याच कारखान्यासाठी एक प्राथमिक चाचणी केली होती. अहवाल कपाटातून काढला. थांबा १ सेकंद. निष्कर्ष: ‘परिणाम आढळला नाही.’

प्रयोगशाळेचे प्रमुख भला माणूस. ते म्हणाले, “मॅडम, औपचारिक चाचणी तर आता होणारच आहे. त्यात सगळं बाहेर येईल. जुनं उकरून काय मिळणार?” त्यांची भीती मला कळत होती. मोठं काम हातात आलेलं, आणि आपणच आपला अहवाल चुकीचा म्हणायचा. पण त्या अहवालाच्या भरवशावर कारखान्याने पुढच्या कॅबिनेट्सचे पत्रे कापायला घेतले असतील तर? आणि प्रयोगशाळांच्या कामाचं जे मानक, आयएसओ/आयईसी १७०२५, त्याच्या २०१७च्या आवृत्तीत ७.१० हे कलम याचसाठी आहे: काम निकषात बसत नव्हतं असं कळलं तर त्याचं गांभीर्य ठरवा आणि गरज पडली तर ग्राहकाला कळवा.

चर्चेच्या वेळी सहाही जणांना मी खोलीत बसवून घेतलं. प्रमुखांना ते आधी आवडलं नव्हतं, पण त्यांनी मानलं. दुसऱ्या दिवशी पत्र गेलं. त्यात सबबी नव्हत्या. उपकरणाचा काळस्थिरांक २० सेकंद, चाचणीतला थांबा १ सेकंद, म्हणून मूळ निष्कर्ष ग्राह्य धरू नये, एवढंच. कारखान्याच्या माणसाचा फोन आला तो रागाचा नव्हता. आठ कॅबिनेट्सची मागची पाटी अजून कापायची राहिली होती. त्याने काम तिथेच थांबवलं.

परिणाम

कारण सापडलं मागच्या पाटीवर. डिटेक्टरच्या केबलचं शील्ड, म्हणजे तिच्यावरचं धातूचं संरक्षक आवरण, सोलून, पीळ देऊन, दहा सेंटिमीटरच्या शेपटासारखं अर्थिंगच्या बोल्टला आवळलेलं होतं. डीसीच्या मीटरला ही जोडणी शून्य ओहमची दिसते. पण अशा तारेची इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याचा गुण) दर सेंटिमीटरला साधारण १० नॅनोहेन्री असते. १४८ मेगाहर्ट्झला त्या शेपटाचा विरोध ९० ओहमच्या आसपास जातो. शील्डवर आलेला प्रवाह मग अर्थिंगकडे न जाता आत शिरतो, आणि इलेक्ट्रोमीटरच्या पहिल्याच ट्रान्झिस्टरचा जोड जुन्या रेडिओतल्या डायोडसारखा त्या लहरीचं एकदिश प्रवाहात रूपांतर करतो. सरासरी काढणारा भाग चढउतार पुसतो, पण हा स्थिर भाग त्याला खऱ्या किरणांसारखाच दिसतो.

आणखी एक गोष्ट मी फळ्यावर ठळक लिहून ठेवली. लहरीच्या वाटेत मांडलेली केबल एक मीटरची होती, आणि १४८ मेगाहर्ट्झला अर्धी तरंगलांबी एक मीटरच भरते. म्हणजे १४८ हा आकडा यंत्राइतकाच आमच्या मांडणीचाही होता. केंद्रात पन्नास मीटर केबल असेल तिथे दुखणं दुसऱ्याच वारंवारितेला उठेल. ‘१४८ टाळा’ असा धडा कोणी घेतला असता तर सगळं शिकणं फुकट गेलं असतं.

कारखान्याने शेपूट काढून शील्डला चहूबाजूंनी पकडणारी धातूची ग्लँड बसवली. पुन्हा चाचणी घेतली आणि चूक ६० टक्क्यांवरून २२वर आली, म्हणजे अजूनही नापास. सगळे गोंधळले. सोलापूरच्या त्याच मुलीने ग्लँड सैल करून टॉर्च मारला. ग्लँडखाली पाटीवर राखाडी पावडर कोटिंग तसंच होतं. धातूला धातू टेकतच नव्हता, फक्त आट्यांच्या कडेने कुठे तरी स्पर्श होत होता. भोकाभोवती पॉलिश पेपरने रंग घासून चकचकीत कडं केलं, ग्लँड परत आवळली. चूक २ टक्क्यांच्या आत. आठही पाट्यांच्या ड्रॉइंगवर ‘ग्लँडखाली रंग नको’ ही ओळ चढली.

औपचारिक चाचणी तीन आठवडे उशिरा झाली आणि उपकरण सगळ्या चाचण्यांतून पार पडलं, अलार्म विझतो का हे बघणाऱ्या सेटमधूनही. सहापैकी चौघांना मी स्वतंत्रपणे काम करायला मोकळं सोडलं. दोघांना आणखी एक पूर्ण चाचणी कोणाच्या तरी सोबतीने करायला सांगितली. त्यांच्यातला एक अजूनही आराखड्यातला आकडा आला की तपासायचा थांबतो, हे मला बरं वाटत नव्हतं आणि मी ते त्याला समोर बसवून सांगितलं.

पुन्हा करायचं झालं तर

पहिले चार दिवस मानक उघडणार नाही. यंत्र टेबलावर ठेवीन आणि विचारीन: हे काय मोजतं, किती वेळात सांगतं, चुकलं तर केंद्रात कोण काय करेल? प्रयोगशाळेच्या आराखड्याचं पहिलं पान आता याच तीन प्रश्नांचं आहे आणि थांब्याची चौकट कोरी असते. प्रतिसादाचा वेळ स्वतः मोजून, त्याचा आलेख जोडल्याशिवाय ती भरता येत नाही.

लेखी परीक्षा पाठांतराची न ठेवता लपवलेल्या दोषाची ठेवीन. सरावाच्या संचात मुद्दाम एक शेपूट, एक रंगवलेली पाटी, एक संथ फिल्टर घालून ठेवायचा आणि तो दोन दिवसांत शोधायला लावायचा. आमच्याकडे हे योगायोगाने घडलं. नोंदवहीतली एक चूक दुरुस्त करायला कोणी थांबलं नसतं तर तो संच तिसऱ्यांदाही पास झाला असता.

आणि केंद्राची भेट सुरुवातीलाच ठरवीन. या वेळी आम्ही ती शेवटी ठेवली आणि प्रवेशाची परवानगी वेळेत आली नाही. मुलांनी अख्खं प्रशिक्षण केंद्राचा नियंत्रण कक्ष न बघताच पूर्ण केलं. पुढच्या तुकडीचे अर्ज मी वर्ग सुरू होण्याच्या दोन महिने आधीच दिले आहेत, सहाही जणांच्या पोलीस पडताळणीच्या कागदांसह.